मटिल्डाचा अर्धा किलोमीटर

ऐन उमेदीत नंदाखालची मटिल्डा डोक्यावर केळ्यांची पाटी घेऊन आगाशीच्या बाजाराला रोज चालत जाई. आता सदुसष्टाव्या वर्षी ती ओट्यावर बसून चालायची. डोळे मिटायची आणि निघायची. बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, हिरवं पाणी, त्यावर वाकलेली माडाची सावली, वळणावरचा सोनचाफा, मग चर्चची पायरी. या वाटेवर गुडघा कधी दुखत नसे.

मुलगा ऑस्टिन दर रविवारी चर्चला निघताना विचारी, “मिस्साला येतेस ना?”

“तू जा. माझं घरी काम आहे.”

असं वर्ष उलटलं.

एका सकाळी हेतल नावाची मुलगी टॅब घेऊन दारात आली. वयस्कर माणसांना चालाफिरायला किती अडचण होते, त्याची पाहणी चालली होती.

“मावशी, अर्धा किलोमीटर चालताना त्रास होतो? अजिबात नाही, थोडा, खूप, की चालताच येत नाही?”

“अजिबात नाही. आत्ताच चर्चपर्यंत जाऊन आले.”

हेतलने दाराशी ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं. त्यांच्यावर धूळ साचली होती. “कशा गेलात?” तिने हळूच विचारलं.

आणि कुणाला कधी न सांगितलेलं मटिल्डाने तिला सांगून टाकलं. हेतल हसली नाही. म्हणाली, “मलाही न्या ना त्या वाटेने. फक्त डोळे उघडे ठेवून.”

दोघी निघाल्या. मटिल्डाला सगळं परकं वाटत होतं. सोनचाफा तोडून तिथे कुंपणाची भिंत उभी राहिली होती. ऊन पानांतून गळत होतं आणि वाट तिच्या मनातल्या वाटेपेक्षा कितीतरी लांब होती. बावखलापाशी गुडघ्यातून कळ आली. ती काठावरच्या दगडावर बसली. पाण्यावर चतुर भिरभिरत होते. बराच वेळ ती ते बघत राहिली.

“खूप त्रास होतो, असं लिही,” ती शेवटी म्हणाली. म्हणताना डोळ्यांत पाणी आलं, पण मन हलकं झालं.

संध्याकाळी तिने ऑस्टिनलाही गुडघ्याचं सांगितलं. तो तिच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, “मला वाटायचं, मी वाडीचा तुकडा विकला म्हणून तू माझ्यावर रागावलीस. म्हणून माझ्याबरोबर येत नाहीस.”

“वेडा आहेस,” ती म्हणाली आणि त्याच्या केसांतून हात फिरवला.

डॉक्टरांनी व्यायाम दिले, वॉकर दिला. गुडघा काही पूर्वीसारखा झाला नाही. पण तीन महिन्यांनी ती रिक्षाने मिस्साला गेली, शेवटच्या बाकावर बसली. मिस्सा झाल्यावर ऑस्टिनने रिक्षा अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे वळवायला सांगितली.

वाळूत वॉकर रुतू लागला, तेव्हा त्याने दंड पुढे केला. त्याला धरून ती थांबत थांबत ओल्या वाळूपर्यंत गेली. समुद्र आणि आभाळ एकाच राखाडी रंगात मिसळले होते. एक लाट तिच्या पावलांवरून गेली, आणि पायाखालची वाळू हळूच सरकली.

“परत जायचं?” ऑस्टिनने विचारलं.

“थांब रे जरा,” ती म्हणाली.