तळमजल्यावरचा खोकला

टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरून एका म्हाताऱ्या जोडप्याला ॲम्ब्युलन्समध्ये बसवून नेलं. त्यांच्याविषयी हेल्पलाइनला फोन कुणी केला, यावर पुढे बरेच दिवस बोललं गेलं. तो फोन मी केला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आमची इमारत पनवेलमधली, आठ बिऱ्हाडांची. मी पहिल्या मजल्यावर राहतो. माझ्या बरोबर खाली काका-काकी. दोघं मूळचे जवळच्या ओवे गावचे, शेतीवाले. जमीन सरकारी संपादनात गेली तेव्हा मिळालेल्या पैशातून त्यांनी हा फ्लॅट घेतला. मूलबाळ नव्हतं. काकांच्या भावाचा मुलगा त्यांनीच लहानाचा मोठा केला होता, तो लग्न होऊन ओव्यालाच राहत होता. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. नोकरी द्रोणागिरीच्या एका गोदामात, कंटेनरच्या कागदपत्रांची.

सगळं बंद झालं तेव्हा बायको आणि मुलगी एका साखरपुड्यासाठी साताऱ्याला गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. घरात मी एकटा. घाबरलेला माणूस जशी खरेदी करतो तशी मी केली: बिस्किटांचे पुडे, नूडल्स, सॅनिटायझरच्या पाच बाटल्या, आणि दहा किलो कांदे प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून. आठ दिवसांत कांद्यांना पाणी सुटलं. ते फेकायला खाली उतरलो तेव्हा काकींनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"भाऊ, कांद्याचा गला आवलून मारलास की."

"काकी, साठवून ठेवायला आणले होते."

"साठवायचं असं नस्तं. आनि बिस्कुटं खाऊन किती दीस काढशील? तुजी बायको परत आली तं मलाच इचारंल, माजा नवरा कुठं गेला म्हनून."

त्या दिवसापासून काकींनी मला शिकवायला घेतलं. माझी गॅलरी त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेवर येते. मी वरून दोरीला कापडी पिशवी बांधून खाली सोडायची आणि काकींनी तीत काहीतरी घालायचं, असं ठरून गेलं. पिशवी वर यायची आणि मागोमाग सूचना यायच्या. कांदे टोपलीत पसरून ठेव, बटाट्यांच्या जवळ नको. तूरडाळीला एरंडेल चोळ. तांदळात कडुलिंबाचा पाला घाल, पण आधी पाला चांगला वाळव, नाहीतर तांदूळच ओला होईल. वाल सकाळी भिजत घाल म्हणजे गॅस कमी लागतो. सिलिंडर कधी लावला त्याची तारीख त्याच्यावर खडूनं लिही. पिण्याचं पाणी दोन हंड्यांत भर आणि एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नकोस.

यातलं काहीच काकींना टाळेबंदीमुळे सुचलेलं नव्हतं. त्यांच्याकडे दरवर्षी हेच चालायचं. पाऊस लागायच्या आधी, चैत्र-वैशाखात, चार महिन्यांचं सगळं घरात भरून घ्यायचं: तांदूळ, मीठ, सुकी मासळी, वाल, आणि वर्षाचा मसाला. याला ते आगोट म्हणतात. पूर्वी पावसात गावं तुटायची, तेव्हाची रीत. रस्ते झाले, दुकानं झाली, तरी काकींची आगोट चुकली नव्हती. मी एकदा विचारलं होतं, "काकी, आता कशाला एवढं? कोपऱ्यावर सगळं मिळतं." त्या म्हणाल्या होत्या, "माजी सासू चार महिनं हाटाला गेली नाय कदी. घरात असलं म्हनजे मानूस कोनाच्या दारात जात नाय."

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी. याच आगोटीवरून टाळेबंदीच्या दोन वर्षं आधी मी सेक्रेटरी म्हणून नोटीस काढली होती. काकी गच्चीवर मासळी वाळवायच्या आणि मागच्या जागेत चूल मांडून मसाल्याच्या मिरच्या भाजायच्या. वरच्या लोकांच्या तक्रारी आल्या. खरं सांगायचं तर मलाही तो वास सोसत नसे. 'गच्चीवर मासळी वाळत घालण्यास व उघड्यावर मिरच्या भाजण्यास सक्त मनाई आहे', असं मी स्वतःच्या हातानं लिहून जिन्यापाशी लावलं. काकांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं आणि मला म्हणाले, "अक्षर झ्याक हाय तुमचं." त्यानंतर मासळी ओव्याला पुतण्याच्या ओट्यावर वाळायला लागली. मिरच्यांचं काकी काय करतात हे मी कधी विचारलं नाही.

टाळेबंदीत मला आठवड्यातून दोनदा कंपनीच्या गाडीनं गोदामात जावं लागायचं. औषधं आणि धान्य यांची कामं चालू होती. मास्क होता, हात धुत होतो, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकत होतो. बाकीचे दिवस घरात. काकींच्या पिशवीमुळे माझं घर हळूहळू घरासारखं चालायला लागलं होतं. मी भाकरी शिकलो. गोल नव्हती, पण फुगायची.

एका रविवारी पुतण्या मोटारसायकलवरून आला. आतल्या रस्त्यांनी, पोलीस चुकवत. त्यानं गोणीभर मिरच्या आणि धणे आणले होते. बराच वेळ आत बोलणं चाललं आणि मग आवाज चढले. ओव्याच्या जुन्या घराच्या जागेवरून त्यांच्यात कुरबूर होती हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी सगळ्या इमारतीनं ऐकलं.

"काकी, माजा हिस्सा कागदावर लिहून द्या, इतकंच म्हनतोय."

"तुला वाढवला त्याचा हिस्सा तू कुठल्या कागदावर लिहून देतोस, ते सांग आदी."

"मंग बगतो मी बी," असं म्हणून तो गाडीला किक मारून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून खालून खोकला ऐकू यायला लागला. काकांचा. एकदा सुरू झाला की थांबायचा नाही, श्वास घ्यायला सवड नसल्यासारखा. मधे काकीही खोकायच्या. त्यांच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, आणि काकी खिडकी कधी बंद करत नसत. पिशवी सोडली तर ती तशीच रिकामी लोंबत राहिली. माझं अंग त्या दिवशी कसकसत होतं. थर्मामीटरवर थोडा ताप दिसला. मी मोजायला लागलो की गेल्या आठवड्यात काकींच्या हातचं काय काय खाल्लं. वालाचं बिरडं, दोन वेळा भाकरी, कैरीचं लोणचं. पुतण्या कुठून कुठून फिरून आला असेल, त्यानं काकांना आजार दिला, तो काकींच्या पिशवीतून मला, असं सगळं मनात जुळवून मी मोकळा झालो. गोदामाचा विचार मला शिवला नाही.

मंगळवारी सकाळी मी फोन केला. नाव सांगितलं नाही. "तळमजल्यावर वयस्कर जोडपं आहे, दोन दिवसांपासून जोरात खोकला आहे, बाहेरून माणूस येऊन गेलाय," एवढं सांगितलं आणि पत्ता दिला.

गॅलरीतून वाकून "काकी, काका बरे आहेत ना?" असं विचारता आलं असतं. दोरी तिथेच बांधलेली होती. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्या "हाय बरं" म्हणाल्या असत्या, तर मला फोन करता आला नसता. मला फोन करायचा होता. भीती इतकी होती की ती दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

दोनेक तासांत गाडी आली. पांढऱ्या पोशाखातली माणसं सभ्यपणे बोलत होती. काका-काकी बाहेर आले. दोघांचे डोळे लाल, सुजलेले. मी पुढच्या खिडकीत उभा होतो. काकींनी वर पाहिलं.

"भाऊ, मिरच्या भाजत होती रं मी. मसाल्याच्या. ह्यांना ठसका लागलाय निस्ता. तू शेक्रेटरी हायस, सांग यांना."

मी हवा ओढून पाहिली. मिरच्यांचा काही वास नव्हता. मला वाटलं, काकी घाबरून काहीतरी सांगताहेत.

"काकी, नियम आहे," मी म्हणालो. "तपासतील आणि सोडतील. जाऊन या."

काका गाडीत चढले. काकी चढल्या, पुन्हा उतरल्या, दाराचं कुलूप ओढून पाहिलं आणि मग बसल्या.

गाडी गेल्यावर मी दार उघडलं, तर माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दारात आल्या. नाकाला पदर होता. मला म्हणाल्या, "अहो, खरंच मिरच्याच होत्या की. कालपासून कसला खाट सुटलाय. शिंकून शिंकून माझं डोकं दुखतंय. तुम्ही तर बरोब्बर त्यांच्या वर राहता, तुम्हाला कसा नाही आला?"

मी आत गेलो. डब्यातून हिंग काढून हुंगला. काही नाही. कापूर चोळला. काही नाही. फिनेलची बाटली उघडून नाकाशी धरली, तर डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. वास जाणं हे याच आजाराचं लक्षण आहे, असं तेव्हा नुकतंच छापून यायला लागलं होतं. इमारतीत आजारी माणूस एकच होता आणि तो फिनेलची बाटली धरून स्वयंपाकघरात उभा होता.

पुढचं मला नंतर कळलं. मसाला कुटायचे डंक बंद होते म्हणून काकी त्या वर्षी सगळा मसाला घरीच करणार होत्या. नोटिशीमुळे बाहेर चूल मांडता येत नव्हती. सेक्रेटरीला वास जाऊ नये म्हणून त्यांनी खिडक्या लावून, फटींत फडकी कोंबून, दोन दिवस थोड्या थोड्या मिरच्या आत भाजल्या होत्या.

वास गेल्याचं कळलं त्याच वेळी मी पुन्हा फोन उचलायला हवा होता. आजारी मी आहे, त्यांना परत पाठवा, असं म्हणायला हवं होतं. मी दार लावून घेतलं. कामावर कळवलं की पाय मुरगळलाय. सतरा दिवस घराबाहेर पडलो नाही, इमारतीतल्या कुणालाही दार उघडलं नाही. लोकांना वाटलं, सेक्रेटरी फार काटेकोर आहेत. त्या सतरा दिवसांत मी काकींनी भरायला लावलेलंच खात होतो. तांदूळ, वाल, डाळ. पिशवीतून आलेली सुकटही तव्यावर भाजून खाल्ली. वास येत नव्हता आणि चवही नव्हती, पण पोट भरत होतं. औषधाची एक गोळीसुद्धा बाहेरून आणावी लागली नाही. माझ्यामुळे दुसरं कुणी आजारी पडलं नाही, ते नशीब. माझा त्यात काही हात नाही.

काका-काकी सहाव्या दिवशी परत आले. दोघांना काहीच झालेलं नव्हतं. पण अर्धवट भाजलेल्या मिरच्यांना ओल धरून बुरशी आली होती. गोणीभर टाकून दिल्या. त्या वर्षी मसाला झाला नाही आणि आगोटही झाली नाही. काकींनी आयुष्यात पहिल्यांदा पावसाळ्यात पुडीतलं तिखट आणलं. दूधवाला महिनाभर त्यांची पिशवी फाटकालाच टांगून जायचा. काका पूर्वी संध्याकाळी खुर्ची टाकून फाटकापाशी बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून बोलत. ती खुर्ची त्यांनी आत घेतली. मी विचारलं, तर म्हणाले, "लोकांना लांबून जावं लागतं."

फोन कुणी केला, याचा काकींनी शोध लावून ठेवला होता. एकदा पिशवीत भाकरी ठेवताना त्या खालूनच म्हणाल्या, "कोन करनार दुसरा? बगतो म्हनून गेलता ना. बगितलंन त्यानं."

मी दोरी हातात धरून उभा होतो. म्हणालो, "असेल, काकी."

फोन भीतीनं केला, असं मी स्वतःला सांगू शकतो. या दोन शब्दांच्या वेळी भीती कसलीही नव्हती. मला बरं वाटलं होतं, एवढंच.

त्यानंतर काकींनी पुतण्याला त्या घरात पाऊल टाकू दिलं नाही. तो दोनदा येऊन दारातून परत गेला. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तीही काकींनी उघडली नाही. दरवर्षी आता मसाला होतो, मी सेक्रेटरीपद सोडायच्या आधी ती नोटीस काढून टाकली, आणि पहिली बरणी माझ्याकडे येते. बायको म्हणते, काकींचा तुमच्यावर फार जीव आहे.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. वय झालं होतं. पुतण्या आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. काकी आतून म्हणाल्या, "त्याला सांगा, हात लावायचा नाय." भावकीतल्या एकानं मडकं धरलं. एक खांदा रिकामा होता. काकींनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तू दे." मी दिला. ज्यानं द्यायचा तो आमच्या मागून, वीस पावलं अंतर ठेवून चालत होता.

स्मशानात सगळे पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. पन्नाशीचा गडी, डोळे पुसत नव्हता, तसेच वाहू देत होता.

"सायेब, घराचं भांडन होतं, ते खोटं नाय. पन तो फोन मी नाय केला. माज्या पोरांची आन. काकी तुमचं ऐकते. तुमी तरी सांगा तिला."

मी म्हणालो, "सांगेन."

तो हात जोडून गेला. मी परत आलो, काकींना पाणी दिलं, आणि काही सांगितलं नाही. तेव्हा वाटलं, आज नको. मग वाटलं, तेराव्यानंतर. मग वाटलं, आता त्यांना मीच तर एक जवळ आहे, ते तरी कशाला काढून घ्या. हे शेवटचं कारण मी बरेच दिवस वापरलं. ते काकींच्या सोयीचं नाही, माझ्या सोयीचं आहे, हे लिहिताना दिसतंय.

काकी आता सत्तरीच्या पुढे आहेत. गुडघे दुखतात, ऐकू मात्र नीट येतं. पुतण्या ओव्यालाच आहे, इथून गाडीनं फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर. त्याला घेऊन यायचं, काकींच्या समोर बसवायचं आणि त्याच्या देखत सांगायचं की फोन मी केला होता, आजारी मी होतो, आणि "असेल" म्हणालो तेव्हा मला खरं माहीत होतं. एवढं मी त्या दोघांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.