हवेचा विरोध नगण्य

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात एक वाक्य असतं : ‘हवेचा विरोध नगण्य मानू.’ हे लिहिणारा माणूस कर्जतला कधी आलेला नसणार. आलाच असेल तर चैत्रातल्या दुपारी शाळेच्या मैदानावर टोपी घालून उभा राहिलेला नसणार. आमच्याकडे त्या दिवसांत वारा सुटला की मांडवाचं कापड, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि दोरीवरची लुगडी एकदमच जामखेडच्या दिशेनं निघतात.

माझं भांड्यांचं दुकान आहे, पण तालुक्यात मला भांडीवाला कुणी म्हणत नाही. मी ‘माईकवाले तात्या’. टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धांचं समालोचन मी गेली कित्येक वर्षं करतो आहे. माईक हातात नसला की मी पाच फूट तीन इंचांचा, जरा पोट सुटलेला माणूस उरतो, हे मला आणि माझ्या बायकोला चांगलं माहीत आहे.

अशात आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना फुटबॉलचा झटका आला. प्लॉट विकणाऱ्या या गृहस्थांनी जन्मात फक्त बुलेटच्या किकला लाथ मारलेली. ते दुकानात आले आणि स्टीलच्या पिंपावर बसून म्हणाले, “तात्या, फुटबॉलची कॉमेंट्री शास्त्रीय पाहिजे. फिजिक्सचे सर घेतोय.”

“आन मी?”

“तुमी पावन्यांचं स्वागत करा. आवाज चांगलाय तुमचा.”

“सरांनी फुटबॉल कधी पाह्यलाय का?”

“न्हाई. पन माझ्या पोराची बारावी हाय त्यांच्याकडं.” उठता उठता त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. “हे जमलं तर दिवाळीच्या क्रिकेटलाही सरच.”

म्हणजे माझी खुर्चीच उचलायला आले होते, आणि तीही माझ्याच पिंपावर बसून.

मी सूड म्हणून अभ्यास केला. मोबाईलवर लांब पास बघ बघ बघितले. एवढं कळलं की चेंडूला पोटाखालून लाथ बसली की तो पुढे जाता जाता स्वतःभोवती उलटा फिरत राहतो, आणि असा फिरता चेंडू हवाच उचलून धरते. त्यामुळे कमी उंचीनं मारलेला चेंडूही तरंगत लांब जातो. ज्या हवेला पुस्तक नगण्य म्हणतं, तिच्याच खांद्यावर बसून तो प्रवास करतो. सरांनी काहीच बघितलं नाही. त्यांना आधीच सगळं येत होतं.

सामन्यांच्या दिवशी मैदानावर फक्की मारली होती आणि गोलला कांद्याच्या गोण्या शिवून जाळी केली होती. सकाळच्या उपांत्य सामन्यात आमच्या कर्जतच्या गोलकीपरनं गोल असा राखला की शनिशिंगणापूरच्या घरांना त्यापेक्षा जास्त दार असावं. तरी आम्ही जिंकलो, कारण समोरचा गोलकीपर फोनवर होता.

त्या सामन्याला सर मांडवात मुख्य माईकवर. त्यांच्या शेजारी मी, हाताला अधूनमधून झटका देणारा जुना माईक घेऊन. आमचा बचावपटू दुधाच्या टेम्पोवर असतो, मांड्या टेम्पोच्या टायरएवढ्या. त्यानं पहिला लांब पास मारला आणि सरांना हुरूप आला.

“प्रेक्षकहो, आता चेंडूच्या वेगाचे दोन घटक पडतात. एक क्षितिजसमांतर, एक ऊर्ध्व. क्षितिजसमांतर घटक कायम राहतो. ऊर्ध्व घटक मात्र गुरुत्वाकर्षणामुळे कमी कमी होत जाऊन सर्वोच्च बिंदूला शून्य...”

तोवर चेंडू खाली आला होता. एकानं तो अडवला, दुसऱ्यानं गोलात घातला, पोरांनी एकमेकांच्या अंगावर उड्या मारल्या. सरांचा चेंडू अजून वरच होता.

मागून कुणीतरी ओरडलं, “सर, खाली घ्या आता, गोल झाला!”

मला इतका आनंद झाला की मी एका ग्रामपंचायत सदस्याचं दोनदा स्वागत केलं.

मध्यंतरात सर स्वतः मैदानात उतरले आणि दुधवाल्याला म्हणाले, “पंचेचाळीस अंशात मार. सगळ्यात लांब जाईल.” तो आज्ञाधारक. खेळ पुन्हा सुरू होताच त्यानं मारला. चेंडू वारा अडवणाऱ्या शाळेच्या पत्र्याहून उंच गेला, समोरच्या वाऱ्याला छाती लावून क्षणभर थबकला आणि आला तसा मागे वळून मैदानाच्या मध्यात, नेमका विरोधी संघाच्या पायात पडला.

“हवा नसती,” सर माईकवर म्हणाले, “तर बरोबर पोहोचला असता.”

“हवा नसती तर मानसं तरी कुठं ऱ्हायली असती, सर?” मघाचाच आवाज. मी शपथेवर सांगतो, तो माझा नव्हता.

एवढं होऊनही दुपारच्या अंतिम सामन्याला माईक सरांकडेच. मी अध्यक्षांकडे बघितलं तर ते दुसरीकडे बघत होते. पोराची बारावी.

समोर जामखेडचा संघ. सामना संपत आला तरी एक-एक अशी बरोबरी. वारा तर असा की सरांचा एक हात टोपीवर अडकलेला. त्यातच अध्यक्षांनी माझ्या कानात सांगितलं, “प्रमुख पावने आले. जोरात घ्या.” मी वळून बघितलं. पांढऱ्या गाडीतून पाहुणे उतरत होते, आणि त्याच क्षणी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दुधवाल्यानं चेंडूला पोटाखालून लाथ घातली.

चेंडू उंच गेलाच नाही. वाऱ्याच्या खालून शिरला आणि स्वतःभोवती उलटा फिरत, घारीसारखा तरंगत येऊ लागला. सरांनी माईक तोंडाला लावला. “पुन्हा एकदा दोन घटक...”

माझ्या हातातला माईक पाहुण्यांच्या स्वागताचा होता. मग मी स्वागतच केलं.

“आत्ताच, वाऱ्याला न जुमानता, लांबून, आपल्यात आगमन होत आहे... सन्माननीय... चेंडू महाशयांचं!”

‘सन्माननीय’ ऐकल्याबरोबर पाहुणे गाडीपाशीच थांबले आणि हात जोडून चारी दिशांना वाकू लागले.

“त्यांचं स्वागत होतंय... छातीनं!” आमच्या पोरानं चेंडू छातीवर घेतला. “त्यांना बसायची जागा... पायाशी! आणि सत्कार... डाव्या पायानं... गोऽऽल!”

अख्खं मैदान उसळलं. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी. त्यांना आयुष्यात एवढ्या टाळ्या कुणी दिल्या नव्हत्या, आणि द्याव्यात असं त्यांनी काही केलंही नव्हतं.

अध्यक्ष लाल होऊन माझ्याकडे निघाले. संपलं, मी म्हटलं, आता जन्मभर पिंपं विकायची. पण पाहुणे त्यांच्या आधी पोहोचले आणि माझा हात धरून म्हणाले, “काय स्वागत केलं राव! अध्यक्ष, दिवाळीच्या स्पर्धेला मी ढाल देतो. पन माईकवर हेच पायजेत.”

“हेच असत्यात की नेहमी,” अध्यक्ष म्हणाले. क्षणभरही अडखळले नाहीत. अशी कला प्लॉट विकूनच येते.

दुधवाल्याला मी विचारलं, “एवढा लांब गेला कसा रं?”

“नवा बूट हाय तात्या, दुसरं काय.”

सर मात्र मांडवात तसेच बसून होते, टोपी मांडीवर, केस उभे. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

“तीस अंशसुद्धा नव्हता तो,” ते म्हणाले. आवाजात खरंच दुःख होतं. “तो पास तिथं पोहोचायलाच नको होता.”

“जाऊ द्या सर,” मी म्हणालो. “आपण तो गोल नगण्य मानू.”