नऊ नंबरची खिडकी

भागोजी नरवड्याचा डोळा आता लागेल, मग लागेल, असं चाललंय. भर दुपार आहे. दोन दिवस पाठ टेकलेली नाही. बायकोनं, पार्वतानं, बळेबळे चार घास खायला लावून त्याला खाटेवर आडवा केलाय, पण झोप कसली येते! डोळे मिटले की जळकी शेड दिसते, उघडले की उशाशी काळी रंगवलेली खिडकी. लढाईचे दिवस. सावरखेडच्या दारूगोळा कारखान्यात भागोजी आगीच्या बंबावरचा मुकादम, आणि नऊ दिवसांत तीन शेडना आग लागलेली! तिन्ही आगी दुपारच्या. माणूस एकही दगावला नाही ही देवाची कृपा, पण ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द, घातपात.

आणि घातपात करणारा सापडलासुद्धा म्हणे. याकूब तांबोळी, रंगारी. ब्लॅकआउट म्हणून शेडच्या काचा काळ्या करत फिरायचा. आज जिला रंग, उद्या तिला आग. झालं, एवढा पुरावा पुष्कळ! त्यात नाव याकूब, म्हणजे कुणाला डोकं शिणवायचंही कारण उरलं नाही. काल संध्याकाळी त्याला धरला. आज चार वाजता पोलिसांची गाडी त्याला शहरात नेणार आहे. धरून नेताना तो मागं वळून म्हणाला, "भागोजीभाऊ, तुम्ही तरी सांगा की." भागोजी आपल्या बुटांकडे बघत राहिला. मध्ये पडावं तर आपल्यावरच बालंट यायचं. तेव्हापासून ते वाक्य त्याच्या कानातून जात नाहीये.

"सरक जरा तिकडं," कुणीतरी म्हणतं.

खाटेच्या पायथ्याशी केरबा वस्ताद बसलेत. मांडीवर बंबवाल्याचा पितळी टोप, तळहातावर तंबाखू. भागोजीला पाण्याचा पाइप धरायला शिकवलं ते याच माणसानं. चार वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेले, भागोजीनं स्वतः खांदा दिलाय. पण आत्ता त्याला त्याचं काही वाटत नाही. उलट इतका आनंद होतो की काय करू आणि काय नको!

"वस्ताद! कधी आलात? पार्वताला चहा टाकायला सांगतो."

"चहा राहू दे. तीन आगी झाल्या आणि लोळतोस काय, लेका? ऊठ."

भागोजी उठतो. पाय जमिनीला टेकतात तो शेडच्या फरशीवर. खाट नाही, घर नाही, नुसती रिकामी लांबलचक शेड. वस्ताद पुढे, नाक वर करून वास घेत. जिवंतपणीही ते असेच चालायचे, पोरंटोरं हसायची.

"आग सुरू कुठून झाली?"

"पश्चिमेच्या खिडकीतून."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा, वस्ताद."

"मग बघतोस काय? हात लाव. उलटा लाव, उलटा! शिकवलेलं विसरलास होय?"

बंबावरच्या माणसाचा तळवा राबून राबून चामडं झालेला असतो. बंद दाराआडची आग हाताच्या पाठीलाच कळते, हे वस्तादांचं शिकवणं. भागोजी खिडकीच्या काचेभोवतीच्या फळीला हाताची पाठ लावतो. फळी कोमट आहे. तो फळी उचकटायला जातो तर हाताखाली कडबा. समोर घराएवढी कडब्याची गंज, भोवती खळं, आणि कडेच्या लिंबाला एक माणूस बांधलेला.

"हे आमचं गाव," वस्ताद म्हणतात. "गंज पेटली, तेव्हा गावानं आमच्या शेजाऱ्याला बांधून बडवला."

"त्यानं पेटवली?"

"कुणी नाही पेटवली. माझ्या बापानं घाईघाईनं ओला कडबा रचला. ओलं दाबून रचलं की आतल्या आत तापतं, भागोजी. तापत तापत एक दिवस आपणहून पेट घेतं. बापाला ते ठाऊक होतं. पण गावापुढं तोंड उघडलं नाही. शेजारी बायकापोरं घेऊन परागंदा झाला, आणि माझ्या बापाला मरेस्तोवर घास गोड लागला नाही."

लिंबाला बांधलेला माणूस मान वर करतो. तो याकूब आहे. "भागोजीभाऊ," तो म्हणतो.

"आता तुझ्या गंजीत हात घाल," वस्ताद म्हणतात.

भागोजी कोपरापर्यंत हात खुपसतो. आत कडबा लागतच नाही. मऊ, चिकट, गरम काहीतरी. आणि वास! जवसाच्या तेलाचा!

अरे देवा! त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो. बाजारात रंग मिळेना, म्हणून याकूब काजळी जवसाच्या तेलात कालवायचा. हात पुसायला चिंध्या. आणि त्या चिंध्या? "फेकायच्या नाहीत! काच आणि फळीच्या फटीत ठास. दाबून ठास. उजेडाचा ठिपका बाहेर दिसता कामा नये!" हे कोण बोललं होतं? भागोजी! याकूब बिचारा म्हणाला होता, "भाऊ, तेलानं निथळतायत त्या." तर हाच त्याच्यावर खेकसला, "असू देत! लढाई चाललीय, नवं कापड तुझा बाप देणार?" तेलानं ओल्या, दाबून ठासलेल्या चिंध्या, वरून पश्चिमेचं ऊन, म्हणजे ओल्या कडब्यासारख्याच आतल्या आत तापल्या!

"वस्ताद, म्हणजे हे मी..."

"मला काय सांगतोस? मी मेलोय. जित्या माणसांना सांग." वस्ताद तंबाखू झटकतात. "काल कुठली शेड रंगवली?"

"नऊ नंबर."

बोलताबोलता त्याला आठवतं. जळलेल्या शेडमध्ये नुसती खोकी होती. नऊ नंबरात गोळ्यांत दारू भरतात. चाळीस बाया आत्ता तिथं मान खाली घालून काम करतायत, आणि ऊन पश्चिमेला कलायला लागलंय!

"सोडा, वस्ताद, पळतो मी!"

पण हात गंजीत अडकलाय, निघता निघत नाही. वस्ताद हसतात, पूर्वी बंब सुटताना हसायचे तसं सगळं तोंडभर.

"ओढ की, लेका! जोर काढ!"

भागोजी सगळा जीव एकवटून ओढतो.

"अहो! अहो, काय करताय हे?"

पार्वताचा आवाज. भागोजी खाटेवर गुडघ्यांवर उभा आहे. उशाजवळच्या खिडकीची फळी निखळून लोंबतेय. काल उरलेल्या रंगानं त्यानं स्वतःच ही काच काळी केली होती, आणि उरलेल्या चिंध्या फटीत ठासल्या होत्या. त्यातलाच एक बोळा आता त्याच्या मुठीत आहे. गरम. भागोजी मूठ उघडतो आणि बोळ्याच्या आतल्या घडीतून धुराची बारीक रेघ वर येते.

"अगंबाई, धूर! काडी कुणी लावली?"

"कुणी नाही, पार्वता! कुणीच नाही लावली!" तो जवळजवळ नाचतोच. "उरलेल्या काढून अंगणात पाण्यात टाक, आधी. मला तो पत्र्याचा डबा दे. किती वाजले?"

"अडीच. अहो पण अनवाणी कुठं निघालात?"

"आधी नऊ नंबरातल्या बाया बाहेर काढतो. तिथून थेट साहेबांकडे. चारच्या आत याकूबला सोडवायचाय."

पार्वता दारात आडवी येते. "आणि साहेबांनी विचारलं, चिंध्या ठासायला कुणी सांगितल्या, तर?"

भागोजी तो धुमसता बोळा डब्यात टाकतो. "मी सांगितल्या म्हणेन. मीच सांगितल्या होत्या."

ती बाजूला होते. भागोजी डबा घेऊन कारखान्याच्या दिशेनं धावत सुटतो. डबा तापत चाललाय, हाताला चटके बसतायत, पण तो काही हात बदलत नाही.