घुमटाखालची कबड्डी

टीव्हीवर कुठलंसं घुमटाचं स्टेडियम दाखवत होते. नात म्हणाली, "आजी, छप्पर बघ केवढं!" मी टीव्ही बंदच केला.

आम्ही फुलंब्रीच्या पोरी, मातीत कबड्डी खेळणाऱ्या. औरंगाबादेतल्या नव्या घुमटाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा उतरलो, तेव्हा ओल्या रंगाचा वास येत होता. माझी मैत्रीण सुनंदा वर बघत म्हणाली, "लई भारी गं! इथं ऊन नाय, धूळ नाय."

पहिली चढाई तिचीच. चौघींनी तिला पकडून खाली दाबलं. गावच्या मैदानावर दम तुटला की पंचांना लगेच कळायचं, शिट्टी व्हायची, पोरी बाजूला व्हायच्या. इथं शिट्टीच होईना. तिचं 'कबड्डी, कबड्डी' घुमटावर आदळून परत परत येत होतं. आम्ही बाहेरून टाळ्या पिटत होतो, काय दम आहे पोरीत!

शेवटी पंचांनी वाकून बघितलं आणि ओरडत पोरींना ओढून काढलं.

सुनंदा वाचली, पण पुन्हा कधी खेळली नाही. मला अजून दिसतात ते तिचे निळे पडलेले, मिटलेले ओठ. आणि वर घुमटात तिचाच आवाज, चाललेला.