‘रक्ताले इचारा’ म्हणणारे गुलाबराव

पोरींनो, दारात टेकून काय बसलात? इकडे सरका. पाहुण्यांसारखं अंग चोरून बसायचं असेल, तर मी नाही सांगायची काही. हं, आता ऐका.

स्वराज्याच्या आधीचे दिवस. मी इंझोरीला नवी सून. हिवतापाच्या दिवसांत दवाखान्याचे गुलाबराव दर बाजाराला बैलांच्या दमणीतून यायचे आणि पारावर उन्हात रक्तातले जंतू बघायची दुर्बीण मांडायचे. आम्ही सुना तोंडावर पदर ओढून नुसता हात पुढे करायचो. ते बोटाला सुई टोचत, थेंब काचेवर घेत आणि म्हणत, “आंग काय सांगते ते आयकू नका. रक्ताले इचारा.”

त्या साली मलाच हिवताप आला. कोयनेलच्या कडू पुड्या घेतल्या, ताप पळाला. धाकट्या बहिणीचं लग्न आसेगावला, दहा दिवसांवर. पण गुलाबराव ताप गेल्यावरही पुन्हा रक्त बघायचे. जंतू उरले असतील तर ताप उलटणार, म्हणून गावाला जाणं बंद. सासरे त्यांचा शब्द मोडत नसत. मी रडायला लागले, तर माझी मोठी जाऊ म्हणते, “रडून राह्यली कायले वं? मी देतो माहा हात. तोंड कुठी पायते तो?”

गेली की पदर ओढून! मी भिंतीआड. गुलाबरावांनी तिचं बोट उलटसुलट पाहिलं.

“बाई, मांगच्या बाजारी या बोटावर इळ्याचा वण होता. आठ दिवसांत गेला? मलम कोनतं लावलं, मलेही सांगा!”

सासऱ्यांसकट सगळा पार हसला. मग माझा हात पुढे आला. गुलाबराव दुर्बिणीतून वर बघेनात, तेव्हाच मी समजले. जंतू होते.

“आठ दिवस कोयनेल चुकवू नका,” ते म्हणाले. “पुढच्या बाजारी रक्त साफ निंघालं, त मीच आसेगावले पोचवतो दोघी जावांले. तसंच गेलं त मांडवात दात वाजतीन, अन् लोकं समजतीन वाजंत्री आली.”

पदराआड रडता रडता मला हसू फुटलं. ते कडू जहर आठ दिवस गिळलं. जाऊ समोर बसून गिळायला लावायची.

पुढच्या बाजारी गुलाबरावांनी काच या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिली. पुन्हा पाहिली. मग गाडीवानाला हाक मारली, “अरे, बैल जुप! बाईले हयद लावाले जाचं हाय.”

हळदीला वेळेवर पोचले. दात वाजले नाहीत, वाजंत्रीच वाजली. वर्षभरात गुलाबरावांची बदली झाली, पुन्हा भेट नाही. पण माझ्या घरात औषधाची पुडी संपेपर्यंत ‘मला बरं वाटतंय’ असं म्हणायची कोणाची छाती नाही.

निघालात? बरं. पुढच्या वेळी मुक्कामाला या, आणि लवकर या गं.