अप्पांचा भिजलेला ग्रंथ

खरं सांगायचं तर त्या काळात देवाचं आणि माझं काही देणंघेणं नव्हतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेतली नोकरी, बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत तळमजल्यावरचं घर आणि सकाळी कानावर पडणारं अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, ग्रंथवाचन. एवढ्यात माझं बरं चाललं होतं. तो ग्रंथ आजोबांचा. जे ज्ञान मूठभरांच्या भाषेत कोंडलेलं होतं ते साध्या माणसाच्या बोलीत आणून पिढ्यान् पिढ्यांची मनं घडवणाऱ्या आपल्याकडच्या थोर ग्रंथांपैकी एक. कोकणातल्या आमच्या गावी शाळा नव्हती, तेव्हा आजोबा त्याच ओळींवर बोट ठेवून अक्षरं शिकले. मी मात्र तो कधी उघडला नव्हता.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. अप्पा बेलवलीला आत्याकडे निघाले होते. जाताना म्हणाले, "नदी चढतेय. ग्रंथ तेवढा माळ्यावर ठेव." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी घरात शिरलं. बायकोने आणि मी टीव्ही, गाद्या, तांदूळ वर चढवले. ग्रंथ गडबडीत राहिला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. तो मला दिसला होता, आणि मी आधी मिक्सर उचलला.

पाणी ओसरलं तेव्हा ग्रंथाची चिखलाने माखलेली वीट झाली होती. अप्पांनी तो मांडीवर घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं. "जीर्ण ग्रंथ पाण्यात सोडतात. सोडून ये," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचं वाचन थांबलं, जेवण निम्म्यावर आलं, बोलणंही जवळजवळ बंद झालं. मी नवी प्रत आणून दिली. त्यांनी तिला नमस्कार केला आणि कपाटात ठेवून दिली.

त्या दिवशी ग्रंथ घेऊन मी नदीकडे निघालो खरा, पण पाय पुढे जाईनात. ज्या पाण्याने तो बुडवला त्याच पाण्यात माझ्या हाताने सोडायचा? तसाच वळलो, स्टेशन गाठलं आणि उल्हासनगरला एका बाइंडरच्या दुकानात गेलो. त्याने कोपरा उचलून पाहिला, तर कागदच हातात आला. "साहेब, लगदा झालाय याचा. नवीन घ्या ना."

"हाथ मत लगा उसको!" बाजूच्या स्टुलावरून आवाज आला. साठीच्या एक सिंधी बाई स्वतःच्या ग्रंथाला नवं कापड चढवून घ्यायला बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं ओझं दोन्ही तळव्यांवर घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "चल बेटा, घर जवळच आहे."

लोक त्यांना दादी म्हणत. फाळणीच्या वेळी कराचीहून बोटीने येताना त्यांच्या घरचा ग्रंथही समुद्राच्या पाण्यात भिजला होता. "मैं पंद्रह साल की थी. माँने कसा सुकवला, ते बघितलं होतं." त्यांनी ग्रंथ न उघडता परातीतल्या स्वच्छ पाण्यात धरला, कडांचा चिखल हलकेच सोडवला, मग जुन्या सुती कापडात गुंडाळून पंख्याखाली उभा केला. ऊन द्यायचं नाही. जेवढं सुटेल तेवढ्यातच कापडाच्या पट्ट्या घालायच्या.

ड्यूटी संपली की मी रोज तिथे जाऊ लागलो. एकदा धीर सुटून प्रयोगशाळेतली धातूची पातळ पट्टी पानांमध्ये सरकवली, तर दादींनी हातावर चापट मारली. "जबरदस्ती नको. सुकलं की पान आपणहून सुटतं. आपण फक्त हवा द्यायची."

त्या संध्याकाळी मी पट्टी खिशात ठेवली आणि नुसता बसून राहिलो. करण्यासारखं काहीच हातात नव्हतं. माझ्याही नकळत मनात आलं, आता तूच बघ. कुणाला म्हटलं ते मला माहीत नाही. पण मिक्सर उचलल्यापासून छातीवर बसलेला दगड तेव्हा पहिल्यांदा हलला. मी दादींना खरं काय झालं ते सांगितलं. त्यांनी कापडाची कोरडी पट्टी पुढे केली, इतकंच.

तीन आठवड्यांनी मी अप्पांना तिथे घेऊन गेलो. पानं लाटांसारखी वाकडी, डागाळलेली, पण क्रमाने लागलेली होती. दादींना आपली लिपी येत नव्हती, तरी एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं. त्यांनी हात जोडले. "भाऊ, शेवटची पानं नाही वाचवता आली. माफ करा."

अप्पा ग्रंथावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "ती आहेत माझ्याकडे." माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही."

डोळे मिटून ते म्हणू लागले. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकत होतो. मी लिहीत गेलो, अडलो की ते थांबत. दादी पदर डोक्यावर घेऊन शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत बसल्या. नंतर त्यांनी ताट वाढलं आणि अप्पा पोटभर जेवले.

मोठे ग्रंथ माणसांना घडवतात, हे मी शाळेत वाचलं होतं. पण ते आपल्यापर्यंत पोचतात ते कुणाकुणाच्या ओल्या हातांवरून, हे मला त्या घरात कळलं. नदीकडे जाणारे माझे पाय कुणी वळवले, त्याच वेळी दादी त्या स्टुलावर का होत्या, याचा हिशोब मी आता मांडत नाही. नमस्कार करतो आणि वाचायला बसतो. शेवटची पानं माझ्या अक्षरात आहेत, पण तिथे पोचलो की ऐकू येतो तो आवाज अप्पांचा असतो.