वेस्ताच्या लेकीचं कार्ड

मी डॉक्टर माणूस. भुताखेतांचा विषय निघाला की मी सरळ चहा मागवायचो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... लिहितो तरी.

साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात. माझी नेमणूक तिथल्याच सातपुड्यात, डोंगरावरच्या तोरणमाळच्या दवाखान्यात. वर मी, शहाद्याचा कंपाउंडर आणि धुकं! मला तिथली पावरी बोली येईना, लोकांना माझं मराठी कळेना. संध्याकाळी खोली खायला उठायची. सोबत एकच — दरीतल्या पाड्यावरचा म्हातारा वेस्ता. रोज चढून यायचा, ओट्यावर माझ्याशेजारी बसून बिडी ओढायचा. बोलणं शून्य, पण त्याच्यामुळेच मी टिकलो.

एका परदेशी मासिकात पाहून मी कार्डं केली होती. प्रत्येक आजाराचं एक कार्ड, कडेला भोकं, एकेक भोक एकेका लक्षणाचं. आजारात ते लक्षण असेल तर भोक कापून खाच. भोकात विणायची सुई घालून गठ्ठा उचलला, की खाचवाली कार्डं खाली पडायची. आजच्या कॉम्प्युटरचा गरीब आजोबाच म्हणा ना!

एका सकाळी वेस्ता धापा टाकत आला आणि कार्डांच्या पेटीवर मूठभर ज्वारी ठेवली.

"साहेब, पोरना आंगवरथीन उतारेल दाणा शेतस," कंपाउंडर म्हणाला. "आठे बडवा दाणा दखीसन दुखनं सांगस. पोरनं पोट दुखी ऱ्हायनं. तुम्हीन बी कार्डे दखतस, मंग तुमनाकडे उना!"

बडवा म्हणजे तिकडचा भगत; तो आजाऱ्यावरून उतरवलेले दाणे पाहून दुखणं सांगतो आणि मी कार्डं पाहून, म्हणून वेस्ता पोरीच्या पोटदुखीसाठी माझ्याकडे आलेला. मी भडकलो. "अरे, पेशंट आणा, दाणे काय आणता!" पण वेस्ताचं तोंड पाहवेना. पोटदुखीच्या भोकात सुई घातली, गठ्ठा उचलला. डझनभर कार्डं पडायला हवी होती... पडलं एकच. मण्यारीचा दंश.

हसलो खरा, पण सर्पदंशावरच्या इंजेक्शनची कुपी बॅगेत टाकली. का, ते विचारू नका. पाड्यावर पोहोचलो तर वेस्ताच्या पोरीच्या पापण्या मिटत चाललेल्या, थुंकी गिळवेना. अंगावर खूण कुठेच नाही. मण्यारीच्या दंशाची खूण बहुतेकदा दिसतच नाही. मण्यारच! लगेच इंजेक्शन टोचलं. कुपी आणायला परत वर गेलो असतो, तर तेवढ्यात ती गेली असती. दुपार कलल्यावर तिनं पाणी मागितलं आणि मी तिथेच रडलो.

परत येऊन पेटी तपासली. मण्यार चावल्यावर पोट दुखतं, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. त्यामुळे त्या कार्डाला पोटदुखीच्या जागी खाच नव्हती, भोक शाबूत! कितीदा सुई घातली... ते लटकूनच राहायचं, बाकीची धडाधड पडायची.

दुसऱ्या संध्याकाळी वेस्ता आला. मी सरकून जागा केली. तो अंगणातच थांबला आणि बडव्यापुढे टेकतात तसं कपाळ जमिनीला टेकवलं.

"अरे, बस की रे!" मी ओट्यावर हात आपटला. तो घाबरून मागे सरला.

माझी बदली होईपर्यंत तो लांबूनच हात जोडायचा. पोर वाचली याचा आनंद आजही आहे, देवाशपथ! पण ते कार्ड कसं पडलं, मला अजून कळलेलं नाही. कळलं असतं तर त्याला समजावलं असतं — मी काही बडवा नाही रे, बस शेजारी.